प्राचीन मंडळीचे पाखंडी : खरे किती आणि कल्पित किती?

ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या चार शतकांचा इतिहास ज्यांनीं थोडासा तरी वाचला आहे त्यांस त्यांत नांवांच्या दोन याद्या आढळल्या असतील. एक रक्तसाक्ष्यांची आणि दुसरी पाखंड्यांची. पहिली यादी आम्ही आदरानें वाचतों. दुसरी परीक्षेपुरती पाठ करितों आणि विसरून जातों. शिमोन, सेरिंथस, एबियोन, मार्सियन, व्हॅलेंटिनस हीं नांवें एकामागून एक येतात, व प्रत्येकापुढें एकदोन ओळींत त्याचा अपराध लिहिलेला असतो. हीं माणसें कोठें जन्मलीं, त्यांनीं काय लिहिलें, त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत कोठें वाचावयास मिळेल, हें क्वचितच कोणी विचारतो. त्याहूनहि मूळचा प्रश्न तर कोणाच्या मनांतच येत नाहीं. तो प्रश्न असा कीं, हे सर्व पाखंडी खरोखर होऊन गेले काय?

हा प्रश्न ऐकतांच कांहीं पालक दचकतील. ज्या पूज्य धर्मपित्यांनीं हीं नांवें आम्हांस दिलीं त्यांच्याच शब्दावर मुलांनीं शंका घ्यावी, हें शाळेनें शिकवावयाचें काय, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. उलट पक्षीं, चार नवीं पुस्तकें चाळलेला एखादा उत्साही तरुण म्हणेल कीं, हा सगळाच बनाव आहे. बिशपांनीं आपली सत्ता दृढ करण्याकरितां हे बागुलबुवे उभे केले. आमच्या मतें या दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेहि निकाल आधीं देतात आणि साक्षीदारांस मागाहून बोलावितात. न्यायाची रीत याच्या उलट आहे. प्रत्येक नांवाची चौकशी वेगवेगळी झाली पाहिजे, आणि ती केली असतां कांहीं नांवें हवेंत विरून जातात, कांहीं माणसें निर्दोष ठरतात, व कांहींचें अस्तित्व पूर्वीपेक्षांहि अधिक पक्कें होतें. हेंच आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ज्या ग्रीक शब्दाचें भाषांतर आपण 'पाखंड' असें करितों तो शब्द 'हायरेसिस' हा होय. त्याचा मूळ अर्थ निवड, आणि त्यावरून मत किंवा पंथ. त्यांत निंदा मुळींच नव्हती. प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी व परूशी या दोन्ही पंथांस हाच शब्द लाविला आहे. आणि फेलिक्स सुभेदारापुढें पौलावर फिर्याद झाली तेव्हां वकिलानें त्याला नासोरी पंथाचा पुढारी म्हटलें, तेथेंहि हाच शब्द आहे. म्हणजे फिर्यादीच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रेषितांतील अग्रणी पौल हाच एक पंथप्रवर्तक होता! आपल्या भाषेंतील शब्दाचा इतिहासहि असाच आहे. अशोक राजाच्या बाराव्या शिलालेखांत 'पाषंड' हा शब्द पंथ या साध्या अर्थानें आला असून सर्व पाषंडांचा मान राखावा असा तेथें उपदेश आहे. पुढें ग्रीस देशांतहि आणि हिंदुस्थानांतहि हे दोन सरळ शब्द शिवीसारखे झाले. एकदां कानफाट्या नांव पडलें कीं पडलें, ही म्हण मनुष्यांप्रमाणें शब्दांसहि लागू पडते.

आतां एकेक नांव चौकशीस घेऊं. पहिलें नांव एबियोन. एबियोनी या नांवाचा एक पंथ होता यांत संशय नाहीं. हे लोक येशूला मशीहा मानीत, परंतु मोशेचें नियमशास्त्रहि पाळीत, आणि पौल प्रेषिताला नियमशास्त्र सोडणारा समजून त्याचीं पत्रें नाकारीत. गॉल देशांतील लिऑन शहराचा बिशप इरेनियस यानें इ. स. १८० च्या सुमारास पाखंडमतांच्या खंडनार्थ मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत या लोकांचा उल्लेख आहे, परंतु एबियोन नांवाच्या मनुष्याचा नाहीं. नांवाचा उगम तर उघड आहे. इब्री भाषेंत 'एब्योन' म्हणजे दीन, दरिद्री. हे लोक स्वतःस प्रभूचे दीनजन म्हणवीत असावे. तिसऱ्या शतकांतील विद्वान ओरिजेन याला हा अर्थ ठाऊक होता; मात्र त्यानें त्याचा उपयोग या लोकांच्या बुद्धीचें दारिद्र्य दाखविण्याकडे केला.

परंतु ज्यांस इब्री येत नव्हती त्यांनीं दुसराच हिशोब केला. मार्सियनाचे ते मार्सियनी, व्हॅलेंटिनसाचे ते व्हॅलेंटिनी. मग एबियोनी कोणाचे? अर्थात् एबियोनाचे! तिसऱ्या शतकाच्या आरंभीं कार्थेजच्या तर्तुलियनाच्या लेखांत एबियोन हा एक मनुष्य म्हणून वावरूं लागतो. त्याला आई नव्हती, बाप नव्हता. तो केवळ व्याकरणाच्या पोटीं जन्मास आला. मनुष्य झाला म्हणजे त्याला चरित्र हवें. तेंहि त्याला चौथ्या शतकांत मिळालें. सायप्रस बेटांतील सलमीस शहराचा बिशप एपिफेनियस यानें, एबियोन आशियांत व रोमांत उपदेश करीत फिरला, असें लिहून ठेविलें.

याच एपिफेनियसानें सांगितलेली एक गोष्ट फार बोधप्रद आहे. इरेनियसाच्या ग्रंथांत असें आहे कीं, योहान प्रेषित इफिस येथें स्नानगृहांत गेला असतां सत्याचा वैरी सेरिंथस आंत आहे असें त्यानें पाहिलें, आणि छप्पर कोसळून पडेल या भीतीनें तो स्नान न करितांच बाहेर धांवला. ही गोष्ट इरेनियसानें स्वतः पाहिलेली नव्हती. पॉलिकार्पाच्या तोंडून ती ऐकणारे लोक आहेत, एवढेंच तो सांगतो. तीच गोष्ट सुमारें दोनशें वर्षांनंतर एपिफेनियस सांगतो तेव्हां इफिसचें स्नानगृह तेंच, योहान तोच, पळणें तेंच. परंतु आंत बसलेला मनुष्य सेरिंथस नसून एबियोन आहे! जो कधीं जन्मलाच नाहीं त्याला पाहून प्रेषित पळाला, असा हा वृत्तांत झाला. यावरून एपिफेनियस लबाड होता असें कोणी म्हणूं नये. तो प्रामाणिक, तापट आणि भोळा मनुष्य होता. एखादी गोष्ट लोकप्रिय झाली म्हणजे तिच्यांतील खलपुरुषाची जागा पाहिजे त्याला देतां येते, हें आपण आपल्या गांवच्या पारावरहि पाहतों.

दुसरें नांव शिमोन. शोमरोनांत जादू करून लोकांस थक्क करणारा हा मनुष्य प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत आपणांस भेटतो. पुढील लेखकांनीं त्याला सर्व पाखंडांचा आदिपुरुष ठरविलें. रक्तसाक्षी जस्टिन यानें इ. स. १५५ च्या सुमारास रोमी बादशहाला उद्देशून जें समर्थनपत्र लिहिलें त्यांत तो सांगतो कीं, रोम शहरांत टायबर नदीच्या बेटावर, दोन पुलांच्या मध्यें, शिमोनाचा पुतळा उभारला असून त्यावर तो पवित्र देव असल्याचा लॅटिन लेख आहे. जस्टिन त्याच शहरांत राहत होता. तेव्हां याहून चांगला साक्षीदार कोणता? परंतु १५७४ सालीं त्याच बेटावर खणतांना एक दगडी बैठक सांपडली. तिच्यावर सेमो सांकस या देवाचें नांव कोरलेलें होतें. हा सबाइन लोकांचा शपथांचा प्राचीन देव. 'सेमोनी' या अक्षरांत जस्टिनाला 'सिमोनी' दिसलें, असें आज बहुतेक विद्वान मानितात. जें मनांत भरलेलें असतें तेंच डोळ्यांस दिसतें, याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

तथापि येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पुतळा शिमोनाचा नव्हता, यावरून शिमोनच नव्हता असें सिद्ध होत नाहीं. जस्टिनाचा जन्म शोमरोन प्रांतांतला. आपल्या प्रांतांतील बहुतेक लोक शिमोनाला भजतात असें तो सांगतो, तेव्हां ती त्याच्या घरची माहिती आहे. रोमच्या दगडाविषयीं तो चुकला, म्हणून आपल्या मायभूमीविषयींहि चुकलाच असेल, असें म्हणणें अन्यायाचें होईल. एका साक्षीदाराची एक साक्ष खोटी ठरली तरी दुसरी खरी असूं शकते.

तिसरें उदाहरण अधिक दुःखाचें आहे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत इफिस व पर्गम येथील मंडळ्यांस लिहितांना नीकलाइत नांवाच्या लोकांच्या कृत्यांचा निषेध केला आहे. त्यांचा संस्थापक कोण, हें तेथें सांगितलेलें नाहीं. पण यरुशलेमांत गरिबांच्या अन्नवांटणीकरितां जे सात सेवक निवडले होते त्यांत अंत्युखियाचा नीकलाव हा एक होता. नांवांत साम्य दिसलें, आणि इरेनियसानें त्यालाच या पंथाचा मूळपुरुष ठरविलें. ज्या मनुष्याची निवड प्रेषितांच्या प्रार्थनेनें झाली, ज्याच्या हवालीं विधवांचें अन्न केलें, तो अशा रीतीनें पाखंड्यांच्या यादींत जाऊन बसला. सुदैवानें आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटानें त्याची बाजू घेतली. नीकलावाच्या एका बोलण्याचा लोकांनीं विपरीत अर्थ केला, वस्तुतः तो एकपत्नीव्रती असून त्याचीं मुलेंहि शुद्ध आचरणाचीं होतीं, असें क्लेमेंट लिहितो. तरीहि पुढच्या याद्यांत नीकलावाचें नांव राहिलें तें राहिलेंच. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा हा प्रकार नव्हे काय?

याद्या कशा वाढत हें पहावयाचें असेल तर पुन्हां एपिफेनियसाकडे गेलें पाहिजे. त्यानें इ. स. ३७५ च्या सुमारास जो मोठा ग्रंथ रचिला त्याचें नांव 'पानारियोन', म्हणजे औषधांची पेटी. पाखंड म्हणजे सर्पदंश आणि हा ग्रंथ म्हणजे त्यावरील उतारा, अशी त्याची कल्पना. त्यांत त्यानें बरोबर ऐंशी पाखंडें मोजलीं. ऐंशीच कां? गीतरत्नांत ऐंशी उपपत्नींचा उल्लेख आहे; तेव्हां एका खऱ्या वधूभोंवतीं, म्हणजे मंडळीभोंवतीं, पाखंडेंहि ऐंशी असलीं पाहिजेत! संख्या आधीं ठरली म्हणजे ती कशीबशी भरून काढावी लागते. म्हणून त्या ऐंशींत परूशी आले, सदूकी आले, इतकेंच नव्हे तर प्रभूच्या जन्मापूर्वीं होऊन गेलेले पायथागोरस व प्लेटो यांचे अनुयायीहि आले. जे लोक योहानाचें शुभवर्तमान व प्रकटीकरण मान्य करीत नसत त्यांस कांहींच नांव नव्हतें. त्यांस 'अलोगी', म्हणजे शब्दहीन किंवा बुद्धिहीन, असें नांव आपणच देत आहों, हें एपिफेनियस स्वतः मोकळेपणीं सांगतो. नांव दिलें कीं पंथ झाला, आणि पंथ झाला कीं तो पुढच्या यादींत चढला.

येथवर वाचून तो उत्साही तरुण म्हणेल, 'पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच खरें, सगळेंच कल्पित!' त्याला आमची विनंती आहे कीं, त्यानें आणखी थोडें थांबावें.

मार्सियन हा काळ्या समुद्राच्या कांठच्या सिनोप शहराचा जहाजवाला होता. तो इ. स. १४० च्या सुमारास रोमास आला व त्यानें तेथील मंडळीस दोन लक्ष सेस्टर्स एवढी मोठी देणगी दिली. जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असें तो शिकवूं लागला. इ. स. १४४ मध्यें मंडळीनें त्याला बाहेर काढलें, आणि त्याचे पैसेहि परत केले. लूककृत शुभवर्तमानाची छाटलेली प्रत व पौलाचीं दहा पत्रें एवढेंच त्याचें पवित्र शास्त्र होतें. ही सर्व माहिती त्याच्या विरोधकांकडून आलेली आहे हें खरें. परंतु दमास्कसच्या दक्षिणेस एका खेड्यांत एकोणिसाव्या शतकांत एक शिलालेख सांपडला. लेबाबा गांवच्या मार्सियनी लोकांचें हें सभास्थान पौल नांवाच्या वडिलाच्या देखरेखीखालीं बांधलें, असें त्यावर कोरलें असून त्यावरील वर्ष इ. स. ३१८–३१९ शीं जुळतें. ज्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांवर वर्ष कोरलेलें आढळलें आहे त्यांपैकीं हें अत्यंत प्राचीन. आणि तें पाखंडी म्हटलेल्या लोकांचें! हा दगड कोणा बिशपानें लिहिलेला नाहीं. हे लोक होते, त्यांचें गांव होतें, त्यांची मंडळी होती, आणि आपल्या संस्थापकाचें नांव ते अभिमानानें भिंतीवर कोरीत होते.

याहूनहि मोठा पुरावा मिसर देशाच्या जमिनींतून निघाला. १९४५ सालीं वरच्या मिसरांत नाग हम्मादी गांवाजवळ खतमाती खणणाऱ्या शेतकऱ्यांस एक मातीचा रांजण सांपडला. त्यांत कातडी बांधणीच्या कोप्टिक भाषेंतील पोथ्या होत्या. चौथ्या शतकांतील या तेरा पोथ्यांत पन्नासाहून अधिक लेख आहेत. इरेनियसानें ज्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली त्यांच्यासारख्या लोकांचे शब्द, जवळजवळ सोळाशें वर्षांनंतर, प्रथमच एवढ्या विपुलतेनें आपल्या हातीं आले. ते वाचतां काय आढळलें? 'योहानाचें गुप्त पुस्तक' या नांवाच्या ग्रंथाच्या तीन प्रती तेथें निघाल्या, आणि त्याच्या पूर्वार्धाचा सारांश इरेनियसाच्या ग्रंथांत बऱ्याच अंशीं दिलेला आहे असें दिसून आलें. 'सत्याचें शुभवर्तमान' या नांवाचें पुस्तक व्हॅलेंटिनसाच्या अनुयायांजवळ आहे असें इरेनियस म्हणतो. त्याच शब्दांनीं आरंभ होणारा एक लेख तेथें मिळाला. यहूदाच्या नांवाचें एक शुभवर्तमान असल्याचें तो सांगतो. तसल्या पुस्तकाची कोप्टिक प्रत २००६ सालीं प्रसिद्ध झाली. यावरून इरेनियसानें सर्व मनानें रचलें हा आरोप टिकत नाहीं. त्यानें विरोधकांचीं पुस्तकें मिळवून वाचलीं होतीं, आणि हा त्याचा मोठेपणा आम्हीं मोकळ्या मनानें कबूल केला पाहिजे.

परंतु त्याच पोथ्या दुसऱ्या बाजूनेंहि साक्ष देतात. असल्या कित्येक लोकांवर दुराचाराचा आरोप प्राचीन लेखकांनीं केला आहे. नाग हम्मादीच्या पोथ्यांत दुराचाराची शिकवण मिळत नाहीं. उलट देहदंड, संयम व वैराग्य यांचाच उपदेश पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तसेंच हे लोक स्वतःस व्हॅलेंटिनी वगैरे म्हणवीत नसत. ते स्वतःस ख्रिस्तीच म्हणत. आम्ही त्यांस त्यांच्या गुरूंच्या नांवांनीं ओळखतों, असें जस्टिनच एके ठिकाणीं सांगतो. म्हणजे माणसें खरीं, पुस्तकें खरीं, मतभेदहि खरा. परंतु कपाळावरची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातची.

अशी चिठ्ठी एकदां चिकटली म्हणजे ती काढणें किती कठीण, हें चौथ्या शतकांतील एरियसाच्या प्रकरणावरून दिसतें. एरियस हा आलेक्सांद्रियाचा वडील खरोखर होता. त्याचीं पत्रें उपलब्ध आहेत, व इ. स. ३२५ च्या नायसियाच्या सभेनें त्याचा निषेध केला. परंतु पुढें कित्येक बिशपांस त्यांचे विरोधक सरसकट 'एरियसाचे चेले' म्हणूं लागले. तेव्हां इ. स. ३४१ मध्यें अंत्युखियास जमलेल्या बिशपांनीं लिहून कळविलें कीं, आम्ही बिशप असतां एका वडिलाचे अनुयायी कसे होऊं? त्यांच्या या प्रश्नाचा फारसा उपयोग झाला नाहीं. आजहि पाठ्यपुस्तकांत त्यांची भरती त्याच नांवाखालीं होते.

नेस्टोरियसाची कथा तर आपल्या देशापर्यंत येऊन पोंचते. हा कॉन्स्टँटिनोपलचा बिशप. ख्रिस्ताचे दोन तुकडे करून तो दोन पुत्र मानतो, असा आरोप ठेवून इ. स. ४३१ च्या इफिस येथील सभेनें त्याला पदच्युत केलें, आणि ४३५ मध्यें बादशहानें त्याचीं पुस्तकें जाळण्याचा हुकूम काढला. आरोपीचे कागद जाळल्यावर खटल्याचा निकाल फिरविणार कोण? परंतु हद्दपारींत असतां त्यानें लिहिलेल्या एका ग्रंथाचें सुरियानी भाषांतर पूर्वेकडील मंडळीनें जपून ठेविलें होतें. तें १९१० सालीं छापून प्रसिद्ध झालें. त्यांत नेस्टोरियस, मी दोन पुत्र मानीत नाहीं, असें स्पष्ट सांगतो. त्याच्या मताविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. पण चौदाशें वर्षें त्याच्यावर जो आरोप बेधडक ठेवण्यांत आला तो त्याच्या स्वतःच्या शब्दांशीं जुळत नाहीं, एवढें खास.

मध्यंतरीं मात्र त्याच्या नांवाच्या चिठ्ठीनें आपलें काम केलें होतें. मलबारांतील थोमाप्रेषिताच्या ख्रिस्ती लोकांचा पूर्वेकडील मंडळीशीं प्राचीन संबंध होता. त्यांचे बिशप मेसोपोटेमियांतून येत. जून १५९९ मध्यें गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनीं कोचीनजवळ उदयंपेरूर येथें सभा भरविली. या लोकांचीं सुरियानी पुस्तकें नेस्टोरियसाच्या मतानें दूषित आहेत असें ठरवून तीं दुरुस्त करण्याचा किंवा नष्ट करण्याचा ठराव तेथें झाला, आणि पुष्कळ पोथ्या अग्नीच्या स्वाधीन केल्या गेल्या. ज्यांनीं आपली प्रार्थनापुस्तकें पिढ्यान्‌पिढ्या हातानें उतरून काढलीं होतीं त्यांच्या डोळ्यांदेखत हें झालें. यांत एकाच पंथास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. जिनीव्हा शहरांत १५५३ सालीं सर्व्हीटस या वैद्यास पाखंडी म्हणून जिवंत जाळलें, तें प्रॉटेस्टंटांनींच. आणि आनंदाची गोष्ट ही कीं, ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं रोमचे पोप दुसरे जॉन पॉल व पूर्वेकडील असीरियन मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनीं ख्रिस्ताविषयींचा आपला विश्वास एकच आहे असें संयुक्त निवेदनानें जाहीर केलें. हें समजण्यास पंधराशें वर्षें लागलीं.

हा दोष केवळ ख्रिस्ती इतिहासाचा आहे असेंहि नव्हे. आपल्या देशांतील चार्वाकाचें उदाहरण घ्या. त्याच्या मताचें वर्णन चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत पहिल्याच प्रकरणांत आहे. पण तें खंडनाकरितां केलेलें वर्णन. त्या मताचे मूळ ग्रंथ लुप्त झाले, आणि चार्वाक हें एका मनुष्याचें नांव कीं मताचें, हाहि वाद उरला. जेथें एकाच पक्षाचे कागद शिल्लक राहतात तेथें दुसरा पक्ष हळूहळू भूत बनतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

मग आम्हीं करावें काय? ज्या जस्टिनाची पुतळ्याविषयींची चूक वर सांगितली त्याच्याच त्याच समर्थनपत्रांत याचें उत्तर आहे. त्या काळीं ख्रिस्ती लोकांविषयीं भयंकर कंड्या उठल्या होत्या. हे लोक रात्रीं जमतात, दिवे मालवून अनाचार करितात, मनुष्यमांस खातात, असें शेजारीपाजारी बोलत, आणि त्या बोलण्यानें निरपराधी माणसें मारलीं जात. हेंच आरोप शिमोन व मार्सियन यांच्या अनुयायांवर ढकलून देणें जस्टिनाला किती सोपें होतें! 'आम्ही तसे नाहीं, ते तसे आहेत', एवढें म्हटलें असतें तर बादशहाची समजूत पटली असती. पण जस्टिन तेथें थांबतो. ते लोक असलीं कृत्यें करितात किंवा नाहीं हें आपणांस ठाऊक नाहीं, असें तो लिहितो. ज्यांचीं मतें त्याला मनापासून तिरस्करणीय वाटत होतीं त्यांच्याविषयीं, स्वतःच्या जिवावर बेतलें असतां, त्यानें हे शब्द लिहिले. पुढच्या लेखकांनीं ती यादी उतरून घेतली, आणि 'ठाऊक नाहीं' हे दोन शब्द गाळून टाकले. आमच्या मतें जस्टिनाच्या रक्तसाक्षीइतकीच त्याची ही लहानशी साक्षहि मोलाची आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं कोणत्याहि पाखंड्याचें नांव वाचतांना चार प्रश्न विचारावे. हें कोण सांगतो? त्यानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें? घडल्यानंतर किती वर्षांनीं सांगितलें? आणि आरोपीचे स्वतःचे शब्द कोठें उरले आहेत काय? एबियोन या प्रश्नांपुढें उभा राहूं शकत नाहीं. नीकलाव निर्दोष सुटतो. शिमोन आपला पुतळा गमावून बसतो. मार्सियन मात्र आपल्या दगडासह उभाच राहतो, आणि इरेनियसाचा शब्द पुष्कळ ठिकाणीं खरा ठरतो. सगळेंच खरें म्हणणाऱ्याचे आणि सगळेंच खोटें म्हणणाऱ्याचे श्रम वांचतात. पण सत्य या दोघांपैकीं एकाच्याहि हातीं लागत नाहीं.

ज्या पालकांस भीति वाटते कीं अशा चौकशीनें मुलांची श्रद्धा डळमळेल, त्यांस आमचें नम्र सांगणें आहे कीं, आपली श्रद्धा एबियोनाच्या अस्तित्वावर कधींच उभी नव्हती. प्रभु येशूच्या सत्याला काल्पनिक शत्रूंची गरज नाहीं. उलट, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची नववी आज्ञा सीनाय पर्वतावर दिली गेली तेव्हां शेजारी पाखंडी असल्यास ती लागू नाहीं, अशी सवलत तेथें ठेविलेली नाहीं. सत्याच्या कैवारानें दिलेली खोटी साक्ष ही खोटीच साक्ष.

आणि ही आज्ञा केवळ प्राचीन ग्रंथकारांकरितां नाहीं. शाळेच्या पटांगणांत एखाद्या मुलाला कोणी चोर म्हणतो, कोणी चहाडखोर. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चार घरीं पोंचते, आणि दुसऱ्या दिवशीं तिला चरित्रहि मिळतें. मोठीं माणसें तर एखाद्या सबंध जातीला, गांवाला किंवा पंथाला एका शब्दांत गुंडाळून ठेवितात. 'बाटगा' हा एकच शब्द पाठीवर घेऊन आपल्या महाराष्ट्रांतील किती ख्रिस्ती कुटुंबांस दिवस काढावे लागले, हें आपल्यांतील वडील माणसांस विचारावें. ज्यांनीं असल्या चिठ्ठीचा चटका सोसला त्यांनीं तरी ती दुसऱ्याच्या कपाळीं लावतांना हात आंवरला पाहिजे. म्हणून तोंडांतून कोणाविषयीं कठोर शब्द निघण्यापूर्वीं आपण पाहिलें आहे कीं ऐकलें आहे, हें मुलांनीं स्वतःच्या मनास विचारावें. आणि केवळ ऐकलेलें असेल तर जस्टिनाचे ते दोन शब्द उच्चारण्यास लाजूं नये. असें करणारें मूल इतिहासाच्या परीक्षेंत किती गुण मिळवील याची हमी आम्ही देत नाहीं, परंतु तें सत्याच्या मार्गावर आहे एवढें खात्रीनें सांगतों.